टोके जुळली म्हणजे रेषा जुळली काय?

रायफलीवर दुर्बीण बसविण्याचे काम वरवर पाहता अगदी किरकोळ वाटते. रायफलीच्या पाठीवर एक पाया, त्यावर दोन रिंगा, त्या रिंगांत दुर्बिणीची नळी आणि वरून सहा-आठ स्क्रू, एवढाच काय तो पसारा. परंतु ज्या अमेरिकेत हे काम हजारो हौशी शिकारी आणि नेमबाज घरच्या घरी करतात, तेथे या किरकोळ कामासाठी लागणाऱ्या हत्यारांची एक स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली आहे. त्या बाजारपेठेत जे साधन दिसावयास सर्वांत सुबक आणि पटावयास सर्वांत सोपे, तेच नेमके विश्वासास सर्वांत कमी पात्र ठरते. असे का व्हावे, हा प्रश्न बंदुकीच्या शौकिनांपुरता मर्यादित नाही.

आपल्याकडील बहुसंख्य वाचकांचा या वस्तूशी संबंध येण्याचा संभव नाही, हे उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद आपल्या देशात जवळजवळ संपुष्टात आणला आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजीतही दुर्बीण नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात जे कांस्यपदक मिळविले, ते बारीक छिद्रातून पाहून नेम धरावयाच्या साध्या दृष्टिसाधनावर. तेव्हा दुर्बिणीच्या रिंगा सरळ रेषेत आहेत की नाहीत, याची चिंता आपल्याकडे मुख्यतः लष्कराच्या आणि पोलिसांच्या शस्त्रागारांतील कारागिरांनी वाहावयाची आहे. तथापि जे साधन इतर वस्तूंची परीक्षा करते, त्या साधनाची परीक्षा ग्राहकाने कशी करावी, हा प्रश्न प्रयोगशाळेसाठी व्हर्निअर घेणाऱ्या शिक्षकापासून कचेरीसाठी वजनकाटा मागविणाऱ्या कारकुनापर्यंत सर्वांचाच आहे. रायफलीच्या रिंगा हे त्याचे एक लहान, पण फार बोलके उदाहरण होय.

प्रथम मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. दुर्बिणीची नळी बहुधा २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, किंवा ३० अगर ३४ मिलिमीटर व्यासाची असते. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि पातळ भिंतीची असल्याने दिसते तेवढी दणकट नसते. तिला धरणाऱ्या दोन रिंगा एकाच काल्पनिक आसावर असाव्यात, ही अपेक्षा. पण त्या रिंगा दोन वेगळ्या पायांवर बसतात, ते पाये रायफलीच्या ज्या पोलादी अंगावर बसतात त्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या उंचीत थोडा फरक असतो, आणि स्क्रूसाठी पाडलेली भोके कधीकधी केसभर बाजूला गेलेली असतात. प्रत्येक ठिकाणची चूक क्षम्य असते. सर्वांची बेरीज मात्र क्षम्य नसते. दोन रिंगांतील अंतर १०० मिलिमीटर धरले आणि एक रिंग दुसरीपेक्षा केवळ एक-दशांश मिलिमीटर बाजूला आहे असे मानले, तर दुर्बिणीचा आस हजारात एक या प्रमाणात कलतो. शंभर मीटरवर हा कल १० सेंटिमीटरचा होतो. वहीच्या पानाच्या जाडीएवढी चूक लक्ष्यापाशी अर्ध्या वितीएवढी होऊ पाहते, ती अशी.

यावर कोणी म्हणेल की दुर्बिणीत नेम डावा-उजवा आणि वर-खाली करण्यासाठी फिरक्या असतातच; चार गोळ्या झाडाव्यात, फिरकी फिरवावी आणि मोकळे व्हावे. हे खरे आहे, आणि बहुतेक लोक हेच करतात. पण फिरकीचा पल्ला मर्यादित असतो. रिंगांचा वाकडेपणा भरून काढण्यातच तो खर्ची पडला, तर दूरच्या लक्ष्यासाठी लागणारी शिल्लक उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्क्रू आवळले की वाकड्या रिंगा सरळ नळीला आपल्यासारखी वाकडी करू पाहतात. नळीवर ओरखडे आणि चेप पडतात, आतील भिंगांच्या चौकटीवर ताण येतो, आणि प्रत्येक बाराच्या धक्क्याबरोबर तो ताण थोडाथोडा सुटत गेल्याने आज साधलेला नेम पुढील आठवड्यात राहत नाही. मग दोष कधी दारूगोळ्याला, कधी दुर्बीण बनविणाऱ्याला, तर कधी वाऱ्याला दिला जातो. शिकारीत याची किंमत शिकाऱ्याने नव्हे, तर जखमी होऊन रानात निघून गेलेल्या जनावराने मोजलेली असते.

रिंगा एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी बाजारात जे संच मिळतात, त्यांपैकी बहुतेकांत टोकदार सळयांची एक जोडी असते. रिंगेच्या मापाच्या दोन आखूड पोलादी सळया, प्रत्येकीचे एक टोक शंकूसारखे निमुळते. एक सळई पुढच्या रिंगेत बसवावयाची, दुसरी मागच्या रिंगेत, आणि दोन्ही टोके एकमेकांसमोर आणावयाची. टोकाला टोक भिडले की रिंगा जुळल्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाहणाऱ्याची तत्काळ खात्री पटते. दोन अणकुचीदार टोके हवेत एकमेकांना स्पर्श करीत आहेत, यापेक्षा अचूकतेचे अधिक देखणे चित्र कोणते असणार!

दुर्दैवाने हे चित्र भूमितीच्या कसोटीस उतरत नाही. स्पर्शबिंदूने एक स्थान निश्चित होते, दिशा निश्चित होत नाही. घराच्या छपराचे दोन वासे आढ्यापाशी एकमेकांना भिडतात, म्हणून ते एका सरळ रेषेत असतात असे कोणी म्हणत नाही. तसेच पुढची रिंग किंचित उजवीकडे तोंड करून आणि मागचीही उजवीकडे तोंड करून बसली असेल, तर दोन सळया मध्ये कोन करून टोकाशी अगदी बिनचूक भिडतील. रिंगा वाकड्या, नळी बसविली तर ती वाकणार, आणि साधन मात्र सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा देणार. याच्या उलटही घडते. सळईचे टोक लेथवर काढताना ते तिच्या आसावर बरोबर मध्यभागी आले नसेल, तर रिंगा निर्दोष असूनही टोके चुकतात. मग मालक नसलेला दोष काढण्यासाठी धातू घासावयास बसतो. म्हणजे हे साधन आंधळे असते तर एक वेळ परवडले असते. ते दोन्ही बाजूंनी खोटी साक्ष देऊ शकते, हा त्यातील खरा धोका आहे.

दोन वस्तू एकमेकींशी जुळल्या म्हणजे दोन्ही खऱ्या ठरतात, हा भ्रम यंत्रविद्येत फार जुना आहे आणि त्यावरचा उताराही जुनाच आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ या विख्यात यंत्रज्ञाने सपाट पृष्ठभाग कसा तयार करावा, यावर १८४० साली ग्लासगो येथे निबंध वाचला. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासून जुळविले तर ते तंतोतंत जुळतात, पण एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही जुळू शकतात. तीन पाट घेऊन प्रत्येकाला इतर दोघांशी आळीपाळीने जुळविले, तरच तिन्ही सपाट असल्यावाचून ते साधत नाही. तिसऱ्या साक्षीदाराशिवाय पहिल्या दोघांची एकवाक्यता निरर्थक, असा हा साधा विचार असून एकोणिसाव्या शतकातील यंत्रोद्योगाच्या अचूकतेत त्याचा वाटा मोठा आहे.

गंमत अशी, की हाच व्हिटवर्थ पुढे रायफलींकडे वळला आणि १८५७ च्या सरकारी चाचण्यांत षट्कोनी नळीच्या त्याच्या रायफलीने अचूकतेत एनफील्ड रायफलीला मागे टाकले. १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते जी पहिली गोळी झाडण्यात आली तीही व्हिटवर्थ रायफलीची. ४०० यार्डांवरील लक्ष्याचा जवळजवळ मध्य त्या गोळीने भेदला. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली होती. रायफल लोखंडी घोडीवर आधीच जुळवून पक्की केलेली होती. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हाती ज्या व्हिटवर्थ रायफली होत्या, त्यांपैकी काहींवर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याच्या धाटणीची दुर्बीण डाव्या अंगास बसविलेली असे. हा डेव्हिडसन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी करून गेलेला होता. रायफल आणि दुर्बीण यांच्या सोयरिकीशी मुंबई इलाख्याचा एवढा तरी संबंध आहे.

मग योग्य साधन कोणते? दिशा तपासावयाची असेल तर जे साधन दिशेबद्दल बोलते तेच घेतले पाहिजे. टोकदार सळया ज्यांनी आधीच घेतल्या असतील त्यांनी त्या उलट्या फिरवून सपाट तोंडे समोरासमोर आणावीत. दोन सपाट तोंडे जुळताना वर-खाली पायरी दिसली तर रिंगांची उंची वा बाजू चुकली आहे, आणि एका कडेला फट राहून दुसरी कड टेकली तर रिंगा एकमेकींशी कोन करून आहेत, हे दोन्ही दोष वेगवेगळे दिसतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन्ही रिंगांतून आरपार जाणारा एकच अखंड, घासून मापात आणलेला पोलादी दांडा. रिंगांची वरची अर्धी काढून तो खालच्या अर्ध्यांत ठेवावा. तो डगमगला किंवा एखाद्या कडेखालून उजेड दिसला, तर निर्णय तेथेच झाला. आपल्या कारखान्यांतील फिटर जसा प्रशियन ब्लू लावून दोन पृष्ठभाग कोठे टेकतात ते पाहतो, तसा पातळ हात या दांड्यावर फिरविला, तर रिंग नेमकी कोठे टेकते आणि कोठे अधांतरी आहे, याचा नकाशाच मिळतो.

येथे घाईचा मोह आवरावयास हवा. याच दांड्याला अपघर्षक लेप लावून, म्हणजे मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसविताना वापरतात तसल्या पेस्टने, तो मागेपुढे फिरवीत रिंगा आतून घासता येतात. यास लॅपिंग म्हणतात. साधारण तीन-चतुर्थांश पृष्ठभाग टेकू लागला की थांबावे, असा कारागिरांचा संकेत आहे. परंतु घासलेला धातू परत येत नाही. अधिक घासले तर रिंग सैल होते आणि नळीला धरून ठेवण्याचे तिचे मूळ कामच ती करीनाशी होते. पोलादी रिंगेवरील गंजरोधक थर निघून जातो तो निराळाच. म्हणून घासण्यापूर्वी कारण शोधावे. दोन रिंगांची अदलाबदल करून पाहावी, एखादी उलटी फिरवून पाहावी, पायाखाली कचरा किंवा स्क्रूच्या भोकाची उठलेली कड नाही ना हे बघावे, आणि उंचीचाच फरक असेल तर पायाखाली पातळ पत्र्याची पट्टी घालावी. यांतील एकाही उपायास पैसे पडत नाहीत, आणि एकही उपाय कायमचे नुकसान करीत नाही. सुताराला रंधा हाती घेण्यापूर्वी गुण्या लावण्याची सवय असते. रायफलीच्या हौशी मालकांना ती लावून घ्यावी लागते.

काही जुन्या धाटणीच्या पायांत पुढची रिंग खाचेत बसवून नव्वद अंश फिरवावी लागते. ती फार घट्ट असते. अशा वेळी हाताशी असलेली दुर्बीणच रिंगेत अडकवून तिचा तरफेसारखा उपयोग करणारे महाभाग असतात. साध्या लाकडी वा लोखंडी दांड्याने जे काम होते, त्यासाठी संचातील सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक वस्तू पणास लावावयाची, याला काटकसर म्हणणे कठीण आहे.

स्क्रू किती आवळावेत, हे हाताच्या अंदाजावर सोडणेही असेच. रिंगांच्या स्क्रूसाठी उत्पादक बहुधा १५ ते २० इंच-पौंड, म्हणजे सुमारे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर एवढाच पीळ सांगतात. साध्या एलन कीने सशक्त माणूस नकळत याच्या दुप्पट जोर लावतो आणि ते त्याला कळतही नाही. मापाचा टॉर्क रेंच ही या कामातील चैनीची वस्तू नव्हे. उलट दुर्बिणीतील उभी रेघ खरोखर उभी आहे की नाही, यासाठी बुडबुड्याच्या चिमुकल्या पट्ट्यांचे जे महागडे संच विकले जातात, त्यांची गरज पुष्कळदा गवंड्याचा ओळंबा भागवितो. रायफल समतोल ठेवून दूरवर टांगलेल्या दोरीशी ती रेघ जुळवावी. रायफल पाच अंश कलती धरली गेली आणि गोळीचा नळीच्या रेषेखालील उतार एक मीटर असला, तर गोळी जवळजवळ ९ सेंटिमीटर बाजूला जाते. हा हिशेब चुकू नये म्हणून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

आता मुख्य प्रश्न. टोकदार सळयांमधील दोष कळण्यास शालेय भूमिती पुरते. जाणकार बंदूककारागीर तो उघडपणे सांगतातही. तरीही असले संच बाजारातून हद्दपार होत नाहीत. अर्थशास्त्रात याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या गाजलेल्या निबंधात शोधता येईल. वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले, की मालाचा कस विक्रेत्याला ठाऊक असतो पण ग्राहकाला तो ओळखता येत नाही, तेव्हा चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही आणि वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर ढकलतो. या विचारासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मापनाच्या साधनांच्या बाबतीत ही अडचण दुणावते. वाईट मोटार निदान रस्त्यात बंद पडून आपला दोष कबूल तरी करते. वाईट मापनसाधन कधीच बंद पडत नाही. ते नेहमी काही ना काही उत्तर देते, आणि ते उत्तर चुकीचे होते हे पडताळावयास दुसरे, अधिक चांगले साधन लागते. ज्याच्याजवळ ते आहे, त्याने पहिले घेतलेच नसते!

त्यात भर अशी, की सामान्य मालक हे काम आयुष्यात दोन-चार वेळाच करतो. चुकून शिकण्याएवढी संधी त्याला मिळतच नाही. ज्या कारागिराच्या हाताखालून वर्षभरात शेकडो रायफली जातात, त्याला चांगला दांडा आणि चांगला टॉर्क रेंच यांची किंमत दर कामामागे नगण्य पडते. ॲडम स्मिथने श्रमविभागाचे जे गुण सांगितले त्यांत हत्याराचा खर्च अनेक कामांवर विभागला जाणे, हाही एक गुण अभिप्रेत धरावयास हरकत नाही. प्रत्येकाने घरी कपाटभर साधने ठेवण्यापेक्षा एका भरवशाच्या कारागिराला चार पैसे देणे, किंवा नेमबाजांच्या मंडळाने मिळून एक उत्तम संच घेणे, हे हिशेबात अधिक बसते. स्वावलंबनाच्या हौसेला हे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

याला एक महत्त्वाचा आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे. यंत्रविद्या पुढे गेली असता या जुन्या अडचणीवर एवढा काथ्याकूट कशाला? १९९५ साली अमेरिकन लष्कराने पिकॅटिनी या नावाने ओळखली जाणारी पट्टी प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या खाचांची रुंदी, खोली आणि अंतर ठरलेले असल्याने दोन सुट्या पायांची कटकट बरीचशी संपली. एकाच ठोकळ्यातून कोरलेल्या जोडरिंगा आता मिळतात. अमेरिकेतील बरीस कंपनीच्या एका प्रकारच्या रिंगांत आतून गोलाकार कृत्रिम अस्तर असते. ते नळीप्रमाणे आपोआप वळून बसते आणि घासण्याची गरजच उरत नाही, किंबहुना ते घासावयाचे नसतेच. म्हणजे साधनांवर खर्च करण्याऐवजी तोच पैसा चांगल्या रिंगांवर खर्च केला, तर बहुतेक साधने अनावश्यक ठरतात. हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा आहे. फक्त त्या कोरलेल्या रिंगाही ज्या कारखान्यात होतात, तेथे कोणीतरी कोठल्यातरी खऱ्या दांड्याने त्या तपासलेल्या असतात. तपासणी नाहीशी होत नाही; ती ग्राहकाच्या टेबलावरून कारखान्याच्या टेबलावर जाते आणि रिंगेच्या किमतीत मिसळते. स्वस्त नक्कल विकत घेणारा नेमका तेवढाच भाग वगळून घेत असतो.

आपल्याकडे किराणा दुकानातील वजनांवर आणि तराजूवर सरकारी शिक्का असावा लागतो. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने तशी तरतूद केली आहे, आणि दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देशातील मापांची मूळ प्रमाणे सांभाळते. पाव किलो साखरेत फसवणूक होऊ नये, यासाठी ही सारी यंत्रणा उभी आहे आणि ती योग्यच आहे. कारागिराच्या खोक्यातील सरळपणा तपासणाऱ्या सळईवर मात्र असा शिक्का कोणी मागत नाही. सरकारी खरेदीत, मग ती शस्त्रागाराची असो वा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, निविदेत सळईची लांबी, व्यास आणि नग लिहिलेले असतात, आणि सर्वांत कमी दर देणारा पुरवठादार ते तिन्ही अचूक पुरवितो. सळई सरळ असावी आणि तिचे टोक आसावर असावे, किती फरक चालेल आणि तो कोण तपासणार, ही एक ओळ अधिक लिहावयास कागद फारसा लागत नाही. ती लिहिली गेली तर कमी दराची निविदाही निरुपद्रवी होते, कारण मग दर कशाचा मागितला आहे हे उभयपक्षी स्पष्ट असते.

तोवर ग्राहकाच्या हाती एक बिनखर्चाची परीक्षा आहेच. दुकानातील काउंटरच्या जाड काचेवर टोकदार सळई आडवी ठेवावी आणि बोटाने हलकेच लोळवावी. टोक एका जागी स्थिर राहून फिरले तर सळई निदान स्वतःशी प्रामाणिक आहे. ते वर-खाली नाचू लागले, तर पैसे देण्यापूर्वी ती सळई विक्रेत्याच्या हाती परत द्यावी.